डिस्ट्रिब्युटर बसवताना: दोन 'टॉप'पैकी खरा कुठला?

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी खासगी मालकांकडे मात्र अजून आहे, आणि तिचं इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधणारे हौशी लोकही आहेत. ब्लॉक बोअर होतो, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंड होतो, नव्या रिंगा पडतात. सगळं जोडून झालं की चावी फिरवायची, आणि इंजिन काही पेट घेत नाही. स्टार्टर फिरतो, कार्बोरेटरमधून फट्‌कन आवाज येतो, सायलेन्सरमध्ये बार उडतो. अशा वेळी लोक आधी कार्बोरेटर खोलतात. माझं ठाम मत आहे की आधी डिस्ट्रिब्युटर बघावा.

डिस्ट्रिब्युटर दोन कामं करतो. एक म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते ठरवणं, दुसरं म्हणजे ती कोणत्या सिलिंडरला द्यायची ते ठरवणं. आत फिरणाऱ्या दांड्यावर चार कोपऱ्यांचा कॅम असतो. तो पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, उघडतो आणि मिटू देतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून 12 व्होल्टचा प्रवाह वाहतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र झपकन कोसळतं आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत 15 ते 20 हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पॉइंटना जोडलेला कन्डेन्सर प्रवाह तुटताना होणारी चमक आवरतो, त्यामुळे तोड स्वच्छ होते आणि पॉइंट जळत नाहीत. चार्ल्स केटरिंगने ही व्यवस्था मोटारीत आणली, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या मुख्यतः तिच्यावरच चालल्या.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र पूर्ण व्हायला क्रँक दोनदा फिरतो, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि डिस्ट्रिब्युटर मात्र एकदाच. म्हणजे एका चक्रात एक नंबरचा पिस्टन दोनदा अगदी वर, 'टॉप'ला येतो. एकदा मिश्रण दाबत येतो, एकदा जळका धूर बाहेर ढकलत येतो. क्रँकच्या टोकावरच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळा त्याच जागी येते, आणि खुणेकडे बघून यातला कुठला टॉप आहे हे कळायला काहीच मार्ग नाही. चुकीच्या टॉपवर डिस्ट्रिब्युटर बसला, तर ठिणगी पडते तेव्हा इनलेट व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. आग उलटी कार्बोरेटरकडे धावते, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटतं. वर सांगितलेले दोन्ही आवाज यातूनच येतात.

खरा टॉप ओळखायला बोट पुरतं. इग्निशन बंद ठेवून एक नंबरचा प्लग काढा, भोकावर बोट धरा आणि पान्याने क्रँक सावकाश फिरवा. हवा बोटाला बाहेर ढकलू लागली की मिश्रण दाबलं जातंय. तिथून पुढे पुलीची खूण जुळेपर्यंत फिरवायचं. टॅपेट कव्हर उघडं असेल तर आणखी एक खात्री करता येते. त्या क्षणी एक नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) मोकळे हलतात, आणि चार नंबरचे दोन्ही दाबलेले असतात, कारण तिथे एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो.

डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा रोटर फिरत फिरत वरच्या कॅपमधल्या एकेका वायरीला ठिणगी देतो. यानंतर रोटरचं तोंड जिथे असेल, तिथे कॅपवर एक नंबरची वायर. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने पुढच्या वायरी लावायच्या: 1-3-4-2. पद्मिनीचा क्रम हाच आहे, अॅम्बॅसडरचाही. रोटर कुठल्या दिशेने फिरतो हे कॅप काढून स्टार्टर क्षणभर मारला की दिसतं, तर्क करायची गरज नाही.

बसवताना सगळ्यांना छळणारी एक गोष्ट म्हणजे तिरप्या दातांचा गिअर. दात तिरपे असल्यामुळे दांडा खाली सरकताना स्वतःभोवती थोडा फिरतो, आणि बरोबर धरलेला रोटर तळाशी पोहोचेपर्यंत भलतीकडे तोंड करतो. म्हणून जेवढा फिरतो तेवढा आधीच मागे धरून सोडायचा. अॅम्बॅसडरच्या पेट्रोल इंजिनात हा गिअर वेगळा बसतो आणि डिस्ट्रिब्युटर त्याच्या खाचेत एकाच प्रकारे जातो. तिथे चूक झाली तर गिअर बसवतानाच होते. बऱ्याच इंजिनांत ऑइल पंपही याच दांड्यावर फिरतो. खाच जुळली नाही तर डिस्ट्रिब्युटर काही मिलिमीटर वर राहतो. अशा वेळी बोल्ट आवळून तो खाली ओढू नका. लांब स्क्रू ड्रायव्हरने पंपाचा दांडा जरा फिरवला की तो आपोआप बसतो.

एक दात चुकला म्हणून घाबरायचं कारण नाही. डिस्ट्रिब्युटरची बॉडी तेवढी फिरवता येत असेल आणि तिच्या बाजूचा व्हॅक्युमचा डबा (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ सरकवणारा) ब्लॉकला अडत नसेल, तर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, जुळतं. रोटर, कॅप आणि क्रँक यांचं आपसातलं नातं बरोबर असावं लागतं, रोटरने कुठल्या ठरावीक दिशेला बघावं असं काही नाही.

पिस्टन टॉपला पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण जळायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. दाब सर्वाधिक व्हायला हवा तो टॉप ओलांडल्यावर साधारण 15 अंशांवर. झोपाळा परत फिरताच धक्का द्यावा, तसं. मिनिटाला 800 फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात 5 अंशही फिरत नाही, 3000 वर 18 अंश फिरतो. वेगाबरोबर मिश्रणाची घुसळण वाढून ज्वाळाही वेगाने पसरते, तरी ठिणगी आधी पाडावीच लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं करतात. वेग वाढला की ती स्प्रिंग ताणून बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात.

टायमिंगच्या आधी पॉइंटची गॅप फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) लावून घ्यावी, कारण गॅप बदलली की टायमिंगही सरकतं. मग क्रँक मॅन्युअलमधल्या अंशावर ठेवून कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि गाडीच्या बॉडीला 12 व्होल्टचा बल्ब जोडा आणि इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, नंतर उलट दिशेने हळूहळू आणा. बल्ब लागला तो क्षण ठिणगीचा. तिथेच बोल्ट आवळा. डिस्ट्रिब्युटरवरचा एक अंश म्हणजे क्रँकवर दोन, त्यामुळे आवळताना हात हलू देऊ नका.

इंजिन सुरू झाल्यावर व्हॅक्युमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून, टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) पुलीवरची खूण पाहावी. खूण एका जागी न राहता थरथरत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजला असण्याची शक्यता मोठी. दांडा डुलतो, गॅप दर फेरीला बदलते. अशा डिस्ट्रिब्युटरवर कितीही वेळा टायमिंग लावलं तरी ते टिकत नाही. बुश बदलूनच पुढे जावं.