मॅनहॅटन 24 डॉलरच्या मण्यांना विकलं गेलं?

डच लोकांनी भोळ्या आदिवासींना 24 डॉलरचे काचमणी देऊन न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बेट लाटलं, ही गोष्ट अजूनही फिरते. खरेदीखत आज उपलब्धच नाही. आहे ते डच अधिकारी पीटर शाखन यांचं 5 नोव्हेंबर 1626 चं पत्र. अॅमस्टरडॅमला पोचलेल्या जहाजाची ती खबर: 7246 बीव्हर कातडी, धान्याचे नमुने आणि एका ओळीत, '60 गिल्डर किमतीला' (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन) बेट घेतलं. मण्यांचा उल्लेखही नाही! 24 डॉलर हा त्या 60 गिल्डरचा 19व्या शतकातला हिशेब. मुळात लेनापे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांत जमीन कायमची विकायची रीत नव्हती. त्यांच्या लेखी हा बहुधा वापराचा करार होता. त्यांना भोळं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.