बेरी, क्रीम आणि थरांमधले पाणी

काचेच्या ग्लासात तळाशी बिस्किटांचा चुरा, त्यावर फेटलेले क्रीम, त्यावर साखरेत मुरवलेल्या बेरी आणि पुन्हा तोच क्रम. एवढ्यावर तयार होणाऱ्या या गोड पदार्थात चुकण्यासारखे काही असेल असे वाटत नाही, कारण त्यासाठी गॅससुद्धा पेटवावा लागत नाही. तरीही दोन तासांनी एका ग्लासातील थर आखल्यासारखे स्वच्छ दिसतात, तर दुसऱ्या ग्लासात तळाशी गुलाबी पाणी साचलेले असते, क्रीम खचलेले असते आणि बिस्किटांचा लगदा झालेला असतो. साहित्य तेच आणि प्रमाणही जवळपास तेच असले, तरी फरक पडतो तो पाण्यामुळे. या पदार्थात बाहेरून थेंबभरही पाणी घातले जात नाही. पण स्ट्रॉबेरीच्या वजनापैकी सुमारे 91 टक्के पाणीच असते, ब्लूबेरीत ते 84 टक्क्यांच्या आसपास असते आणि फेटण्याच्या क्रीममध्येही निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. हे पाणी जिथल्या तिथे कसे धरून ठेवायचे आणि जिथे ते सुटणारच आहे तिथे त्याला आपल्या सोयीची वाट कशी करून द्यायची, हे समजले की बाकीची कृती पाच मिनिटांची आहे.

सुरुवात क्रीमपासून करणे योग्य, कारण या पदार्थाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. क्रीम म्हणजे पाण्यात विखुरलेले दुधातील मेदाचे अतिसूक्ष्म गोळे. दुधात या गोळ्यांचा सरासरी व्यास तीन ते चार मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट असतो आणि क्रीमच्या एका मिलिलिटरमध्ये असे अब्जावधी गोळे असतात. प्रत्येक गोळ्याभोवती प्रथिने आणि फॉस्फोलिपिडे (मेदासारखेच, पण एका टोकाने पाण्याशी जमवून घेणारे रेणू) यांचे पातळ पटल असते आणि त्यामुळे ते एकमेकांजवळ आले तरी एकत्र होत नाहीत. क्रीम फेटायला लागल्यावर पहिल्यांदा हवेचे मोठाले बुडबुडे आत शिरतात. या बुडबुड्यांना सुरुवातीला दुधातील प्रथिनेच सावरून धरतात. ती हवा आणि पाणी यांच्या सीमेवर पसरतात व बुडबुडा फुटण्याचे लांबवतात. मात्र हा आधार तात्पुरता असतो. या टप्प्यावर हात थांबवला, तर फेस काही मिनिटांत बसतो आणि भांड्यात पुन्हा पातळ क्रीम दिसू लागते.

फेटत राहिल्यास खरा बदल घडतो. बुडबुडे फुटून लहान होत जातात, मेदाचे गोळे त्यांच्या पृष्ठभागावर येऊन आदळतात आणि त्या धक्क्याने गोळ्यांवरील पटल जागोजागी फाटते. क्रीम थंड असेल, तर गोळ्यातील मेदाचा काही भाग स्फटिकरूपात घट्ट असतो आणि काही द्रवरूपात. शेजारच्या गोळ्याला भिडताना एका गोळ्यातील टोकदार स्फटिक दुसऱ्याच्या पटलात घुसतात आणि द्रव मेद बाहेर झिरपून दोघांना सांधतो. मात्र आतील स्फटिकांच्या सांगाड्यामुळे ते दोन गोळे पूर्णपणे एकजीव होऊ शकत नाहीत. अशा अर्धवट जुळलेल्या गोळ्यांच्या साखळ्या एकमेकींत गुंतत बुडबुड्यांभोवती जाळे तयार करतात आणि उरलेले पाणी त्या जाळ्याच्या फटींमध्ये अडकून पडते. चमच्यावर उभे राहणारे क्रीम म्हणजे हवा, मेद आणि पाणी यांची ही बांधणी असते. तिचे आकारमान मूळ क्रीमच्या साधारण दुप्पट होते, म्हणजे त्यातील जवळपास निम्मा भाग निव्वळ हवा असते.

यावरून तापमानाचा आग्रह का धरायचा हे कळते. सर्व मेद वितळलेला असेल, तर गोळे एकमेकांत विरघळून तेलाचे मोठे थेंब होतील आणि जाळे तयारच होणार नाही. सर्व मेद घट्ट असेल, तर सांधायला द्रव मेद उरणार नाही. सुमारे 5 अंश सेल्सिअसला दुधातील मेदाचा ढोबळमानाने निम्मा भाग घट्ट असतो आणि हे प्रमाण फेटण्यासाठी सोयीचे ठरते. खोलीच्या तापमानाला ते बरेच घटते. इथे एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. क्रीम थंड होणे आणि त्यातील मेदाचे स्फटिक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतक्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये स्फटिक तयार व्हायला काही तास लागतात. त्यामुळे बाहेर राहिलेले क्रीम वीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून हाताला गार लागले, तरी फेटल्यावर दगा देऊ शकते. ते आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवणे आणि भांडे व फेटणीही गार करून घेणे हा खात्रीचा मार्ग आहे. मेदाचे प्रमाणही पाहून घ्यावे लागते. 30 टक्क्यांच्या खाली मेद असलेल्या क्रीममध्ये सलग जाळे उभे राहील इतके गोळेच नसतात. 35 टक्क्यांच्या आसपासचे क्रीम चांगले.

कुठे थांबायचे हे मात्र डोळ्यांनीच ओळखावे लागते. आधी फेटणीच्या तारांचे ओरखडे क्रीमवर क्षणभर उमटून पुसले जातात, मग ते टिकायला लागतात. त्यानंतर पृष्ठभागाची ओली चकाकी कमी होते आणि फेटणी उचलल्यावर उभे राहणारे टोक हळूच एका बाजूला वाकते. थर रचण्यासाठी हीच अवस्था योग्य आहे, कारण ग्लासात घालताना आणि चमच्याने पसरवताना क्रीम आणखी थोडे फेटले जातच असते. यापुढे गेल्यास टोक ताठ उभे राहते, कडा खडबडीत दिसू लागतात, किंचित पिवळसर झाक येते आणि मग फार अवधी मिळत नाही. मेदाचे गोळे इतके जुळतात की जाळे स्वतःवरच कोसळते, अडकलेली हवा व पाणी बाहेर पडते आणि भांड्यात लोणी व ताक वेगळे होते. नुसता खडबडीतपणा आला असेल, तर दोन-तीन चमचे न फेटलेले थंड क्रीम घालून हलक्या हाताने एकत्र केल्यास ते बहुतेक वेळा सावरते. पाणी सुटल्यावर मात्र लोणी करणे हाच शहाणपणा.

साखर केव्हा घालायची यावर पुष्कळ मते ऐकू येतात. ती सुरुवातीलाच घातली तर पाण्याचा भाग दाट होतो, गोळ्यांच्या टकरी मंदावतात आणि फेटायला अधिक वेळ लागतो. त्यामुळे क्रीम थोडे घट्ट झाल्यावर पिठीसाखर घालणे सोयीचे. दाबून फवारायच्या डब्यातील क्रीमचा मार्ग वेगळाच असतो. त्यात नायट्रस ऑक्साइड हा वायू दाबाखाली विरघळवलेला असतो आणि तोंड उघडताच तो प्रसरण पावून क्षणात फेस करतो. पण मेदाचे जाळे विणले जायला अवधीच मिळत नसल्याने हा फेस काही मिनिटांत बसतो. तो वरून सजवायला ठीक आहे, थरांसाठी निरुपयोगी. वनस्पती तेलांपासून केलेली तयार मिश्रणे उन्हाळ्यातही ताठ राहतात हे खरे, पण दुधातील मेद शरीराच्या तापमानाच्या आसपास पूर्ण वितळून जिभेवर जो मऊपणा देतो, तो त्यांत मला कधी आढळलेला नाही.

आता बेरींकडे वळू. वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर स्ट्रॉबेरी ही बेरी ठरतच नाही, कारण तिचा लाल गर फुलाच्या फुगलेल्या पुष्पासनाचा, म्हणजे फुलाचे भाग ज्यावर बसतात त्या देठाच्या टोकाचा असतो आणि वर दिसणारे बारीक दाणे हीच खरी फळे असतात. रासबेरी म्हणजे अनेक छोट्या फळांचा झुबका असतो. कृतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते फळातील पेशींचे वागणे. ताज्या फळाची पेशी पाण्याने तट्ट फुगलेली असते आणि तिचे पटल पाण्याला जाऊ देते, पण साखरेला सहज जाऊ देत नाही. चिरलेल्या फळावर साखर भुरभुरली की ती पृष्ठभागावरील ओलाव्यात विरघळून दाट पाक होतो आणि पेशीतील पाणी परासरणाने त्या पाकाकडे ओढले जाते. पेशी सैलावतात, फोडी मऊ होतात आणि वाडग्यात रंगीत रस जमतो. पाव किलो स्ट्रॉबेरीला दोन मोठे चमचे साखर लावून अर्धा तास ठेवली की हे स्पष्ट दिसते.

इथेच बहुतेक ग्लास बिघडतात. बेरी न मुरवता, वरून साखर भुरभुरून थेट क्रीमवर रचल्या, तर हीच क्रिया ग्लासात घडते आणि सुटलेले पाणी खालच्या थरात उतरते. म्हणून बेरी आधीच मुरवाव्यात, चाळणीवर निथळून घ्याव्यात आणि रस वेगळा ठेवावा. तो मंद आचेवर आटवला तर दाट पाक मिळतो आणि थंड झाल्यावर तो थरांमध्ये थेंबाथेंबाने वापरता येतो. अर्थात मग गॅस पेटवावा लागतो, पण ते श्रम वाया जात नाहीत. ब्लूबेरीच्या सालीवर मेणाचे आवरण असते, त्यामुळे अख्ख्या ब्लूबेरीवर साखरेचा फारसा परिणाम होत नाही. काही दाणे चमच्याने चेपावे लागतात. गोठवलेल्या बेरींचे उलट असते. गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फाडलेल्या असल्यामुळे वितळताच त्या रस सोडून गळून जातात. अशा बेरी अख्ख्या थरासाठी वापरू नयेत. कॉर्नफ्लोअर लावून, चांगली उकळी आणून दाट केलेल्या सॉसमध्ये त्या उत्तम लागतात.

आंबट रस क्रीमला लागला तर ते फाटेल, ही भीतीही अनाठायी नाही, पण फार मोठीही नाही. स्ट्रॉबेरीच्या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 3.5 च्या आसपास असतो आणि क्रीमचा 6.6 च्या जवळपास. दुधातील केसीन हे प्रथिन सामू 4.6 च्या सुमारास साकळते. परंतु क्रीममध्ये मेद भरपूर आणि प्रथिने जेमतेम दोन टक्के असल्याने दह्यासारख्या गाठी न होता क्रीम थोडे अधिक दाट होते, इतकेच.

सामूतील हाच फरक काचेतून पाहण्यासारखा आहे. बेरींचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो आणि त्यांचा रंग आम्लतेनुसार बदलतो. तीव्र आम्लात ती लाल असतात, सामू 4 ते 5 च्या दरम्यान त्यांचा बराच भाग रंगहीन रूपात जातो आणि उदासीनतेकडे जाताना ती जांभळट-निळसर होतात. त्यामुळे ब्लूबेरीचा रस जिथे क्रीममध्ये झिरपतो, तिथे रस पातळ झाल्यामुळे येणारा गुलाबी रंग न दिसता राखाडी झाक असलेली निळसर-जांभळी रेघ उमटते. ती पाहून क्रीम खराब झाले असे समजून ग्लास बाजूला सारणारे असतात. प्रत्यक्षात ते केवळ रंगद्रव्याचे रूपांतर असते. ती रेघ नकोच असेल, तर क्रीमलगत निथळलेली स्ट्रॉबेरी ठेवावी आणि ब्लूबेरी आतल्या बाजूस.

शेवटचा थर बिस्किटांचा. पाणी एका थरातून दुसऱ्यात जाते, ते कोणात किती टक्के पाणी आहे यावरून नव्हे, तर ते पाणी किती मोकळे आहे यावरून. या मोकळेपणाला जलक्रियाशीलता म्हणतात आणि ती शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. ताज्या फळात ती 0.98 च्या आसपास असते, तर कुरकुरीत बिस्किटात बहुधा 0.3 च्याही खाली. इतका उतार असल्यावर पाणी बिस्किटात शिरणारच. मधे क्रीमचा थर घातला की बिस्किट सुरक्षित राहते, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. क्रीममध्ये मेद भरपूर असला, तरी तो पाण्यात विखुरलेला असतो. म्हणजे सलग माध्यम पाण्याचेच असते आणि त्या वाटेने ओलावा बिस्किटापर्यंत पोहोचतो. क्रीम वेग कमी करते, वाट बंद करत नाही. लोणी किंवा चॉकलेट यांत सलग माध्यम मेदाचे असल्यामुळे खरा अडसर तेच ठरतात. बिस्किटांचा चुरा वितळलेल्या लोण्यात चांगला घोळवून, तळाशी दाबून थंड केला, तर तो कितीतरी अधिक काळ कुरकुरीत राहतो. बिस्किटांऐवजी स्पंज केक घेतल्यास हेतूच उलटा होतो. त्याची सच्छिद्र रचना केशाकर्षणाने रस शोषते आणि मऊ होण्यातच तिचे सार्थक असते. अशा वेळी बेरी थेट केकवर ठेवाव्यात आणि बाजूला काढलेला रसही त्यावरच ओतावा, म्हणजे पाण्याला मुरायला जागा मिळते आणि वरचे क्रीम कोरडे राहते.

रचलेला ग्लास फ्रिजमध्ये तास-दोन तास ठेवला की क्रीम आणखी घट्ट होते आणि चवी एकमेकींत मिसळतात. थंडीत जिभेला गोडवा कमी जाणवतो, त्यामुळे वाढण्याआधी दहा मिनिटे ग्लास बाहेर काढून ठेवल्यास साखर कमी घालूनही चालते. दोन तासांहून अधिक काळ मात्र क्रीम बाहेर राहू देऊ नये. बिस्किटांचा वरचा चुरा वाढतानाच घालावा. उरलेले ग्लास दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये झाकून राहतात, पण फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा वितळवण्यात अर्थ नाही. बर्फाचे स्फटिक मेदाचे जाळे आणि बेरींच्या पेशी अशा दोहोंना फाडतात आणि ज्या पाण्याला आवरण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते सगळे एकदम सुटते. गोठवलेच असेल, तर ते पूर्ण वितळू न देता आइस्क्रीमसारखे खावे.