बालकांच्या प्रथमोपचाराची घरगुती तयारी

लहान मुलाला घरात अचानक इजा किंवा त्रास झाल्यास डॉक्टर गाठेपर्यंतच्या मिनिटांत काय करायचे, याची माहिती, सराव आणि साहित्य घरात असणे म्हणजे ही तयारी. कापूस-पट्टीची पेटी हा तिचा सर्वांत सोपा भाग. त्या क्षणी मुलाजवळ जे माणूस असेल त्याला काय येते, यावर बाकी सारे अवलंबून असते. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांत आईवडील कामावर गेले की ते माणूस बहुधा आजी किंवा आजोबा असते. म्हणून शिकवायचे तर आधी त्यांना.

सर्वांत कमी वेळ मिळतो तो घशात काही अडकल्यावर. संक्रांतीच्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओततात ती बोरे, हरभरे, शेंगा, हलवा, उसाचे तुकडे यांतले जवळजवळ सगळेच श्वासनलिका बंद करू शकते. बोरन्हाण हौसेने करावेच. मात्र ओवाळून झाले की खालची चादर चारही टोकांनी लगेच उचलावी, बाळाच्या मुठीही उघडून पाहाव्यात. मूल जोरात खोकत किंवा रडत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. वर्षावरील मुलाला थापांनंतर बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने ५ दाब द्यावेत. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये. ती आणखी खाली सरकते. मूल बेशुद्ध झाल्यास छातीदाब सुरू करावेत, आणि हे वाचून जमत नाही, प्रशिक्षणातच शिकावे लागते.

त्याच दिवसांत उत्तरायणाच्या मांजाने बोटे, गाल, कधी गळाही कापतो. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, सारखे उचलून पाहू नये.

भाजल्यावर २० मिनिटे वाहते गार पाणी; बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला कढत पाणी येते, तेव्हा माठातले पाणी तांब्यातांब्याने ओतत राहावे.

६ महिने ते ५ वर्षे वयात तापात झटके येऊ शकतात. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीच साधत नाही. झटका ५ मिनिटांहून अधिक चालला तर १०८ लावावा.

पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असते, नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. दोन्ही बाटल्या घरात असतील तर हा घोटाळा जिवावर बेतू शकतो. मुलाचे वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेले माप बाटलीवरच ठळक लिहावे.

रॉकेल किंवा फिनाइल पोटात गेल्यास उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. शहरातले मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे सर सयाजीराव जनरल. जुन्या शहरातल्या पोळांत, म्हणजे दाट वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत, रुग्णवाहिका आत वळत नाही. म्हणून फोनवर मुख्य रस्त्यावरची खूण सांगावी आणि एकाने पोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे.