नाशिकचा पाऊस पश्चिमेला, थंडी पूर्वेला

नाशिकला कधी यावं हे ठरवण्याआधी जिल्ह्याच्या कोणत्या बाजूला जायचंय ते ठरवा. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नाशिक शहरात साधारण ७००, आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच सोडते. पूर्वेला उतरताना तीच हवा तापते, ढग विरतात.

म्हणून धबधब्यांसाठी त्र्यंबक-इगतपुरीची बाजू, आणि तीही शक्यतो सप्टेंबरच्या उत्तरार्धात. ऐन जुलैत धुक्यात समोरचा कडाही दिसत नाही, हरिहर गडाच्या कातळपायऱ्या निसरड्या असतात. दुगारवाडी धबधब्यासारख्या ठिकाणी धोका आणखी वेगळा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की तिथल्या तिथे उंचावर चढा. ओढा ओलांडायची घाई मुळीच करू नका, पाणी ओसरेपर्यंत थांबा.

थंडीचा मुक्काम मात्र पूर्वेला, निफाडला. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. जमिनीची उष्णता रात्रभर निघून जाते आणि जड झालेली गार हवा गोदावरी-कादवेच्या सखल पट्ट्यात साचते. पहाटे पारा कधी कधी पाचच्याही खाली, दुपारी मात्र पंचवीसच्या पुढे. स्वेटर हवाच, पण दहानंतर तो काढावा लागतो. याच थंडीत पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या द्राक्षमण्यांना तडे जातात. म्हणून बागाईतदार पहाटे ठिबक सुरू करतात, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात.

द्राक्षांनी लगडलेली बाग बघायची तर जानेवारीअखेर ते मार्च. ऑक्टोबर छाटणीनंतर माल तयार व्हायला साधारण चार महिने लागतात. पावसाळ्यात येणाऱ्याला नुसती पानं दिसतात, ऑक्टोबरात तर उघड्या काड्या. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातले स्थलांतरित पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तिथे पहाटे पाण्यावर धुकं असतं, ते विरल्यावर, आठच्या सुमारास दुर्बीण कामाची.

एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८-४० अंश. रामकुंड, पंचवटी सकाळी दहाच्या आत उरका. संध्याकाळी वळवाचे ढग दाटले, विजा दिसू लागल्या, तर गडावर असाल तिथून लगेच खाली उतरा.