मार्लो दारूच्या गुत्त्यात बाईवरून मेला? नाही हो!

ख्रिस्तोफर मार्लो म्हणजे शेक्सपिअरच्या वयाचाच नाटककार, तो गुत्त्यात बाईच्या भानगडीत भोसकला गेला असं अजूनही सर्रास सांगतात. यातली बाईची गोष्ट १५९८ मध्ये फ्रान्सिस मेअर्स नावाच्या लेखकाने छापली आणि पुढे तीच चिकटली. पण कॉरोनरचा (म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा) मूळ अहवाल १९२५ मध्ये उजेडात आला ना! त्यात बाई नाहीच. ३० मे १५९३, डेप्टफर्ड, एलेनॉर बुल नावाच्या विधवेचं घर, मार्लो धरून चौघं सकाळपासून एकत्र, दुपारी जेवले, बागेत फिरले, रात्रीचं जेवण झालं आणि बिलावरून वाजलं. त्या चौघांतल्याच इन्ग्रम फ्रायझरचा १२ पेन्सचा खंजीर मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर २ इंच आत गेला, जागीच खलास.

हे झालं अहवालातलं, पण आधीचे १५-२० दिवस बघा म्हणजे पोटात गोळा येतो. त्याच्याबरोबर आधी एकाच खोलीत लिहायला बसणारा नाटककार टॉमस किड १२ मे रोजी पकडला गेला, त्याच्याकडे ख्रिस्ताचं देवत्व नाकारणारे कागद सापडले, छळ झाल्यावर त्याने ते मार्लोचे म्हणून सांगितलं. १८ तारखेला मार्लोवर वॉरंट, २० पासून प्रिव्ही कौन्सिलकडे (राणीच्या सल्लागार मंडळाकडे) रोज हजेरी. आणि त्या चौघांतला रॉबर्ट पोली तर सरकारी हेर! फ्रायझरला महिन्याभरात राणीची माफी. खून मुद्दाम केला असा पुरावा नाही, ते मी म्हणणारही नाही, पण बाईची गोष्ट मात्र सोडा आता. किडचं फार वाईट वाटतं, तो सुटला, पण पुढच्याच वर्षी गेला बिचारा.