वायफाय आणि डेटा: अदलाबदल वेगळी, जोडणी वेगळी

वायफाय आणि मोबाइल डेटा, दोन्ही बटणं चालू ठेवली की स्पीड दुप्पट होतो, असं गावात बरेच जण सांगतात. काही जण म्हणतात, असं केलं की पॅक फुकट उडतो. बहुतेक फोनांत दोन्ही होत नाही. वायफाय नीट चालत असेल तर फोन जवळपास सगळं काम त्यावरूनच करतो, डेटा नुसता तयारीत असतो.

खरा घोटाळा होतो तो दोन सेटिंगांचा. विहिरीचं पाणी उतरलं की बोअर सुरू करणं वेगळं आणि दोन्ही मोटारी एकाच पाटात सोडणं वेगळं.

पहिली सेटिंग अदलाबदलीची: वायफाय कमजोर पडलं की फोन आपोआप डेटावर जातो. आयफोनमध्ये २०१५ च्या आयओएस ९ पासून आलेलं ‘वायफाय असिस्ट’ हेच करतं, आणि ते मुळातच चालू असतं. सॅमसंगमध्ये ‘स्विच टू मोबाइल डेटा’ असतं. विदर्भातल्या खेड्यात याची गरज नेहमीच पडते. ग्रामपंचायतीचा राऊटर इन्व्हर्टरवर सुरू, पण मागची फायबर तुटलेली. फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण भरलेल्या आणि पीक विम्याचं पान काही उघडत नाही. त्या रेघा फक्त फोन ते राऊटर एवढ्याच सिग्नलच्या असतात. पुढे इंटरनेट आहे का, हे अँड्रॉइड एका सर्व्हरला छोटी विनंती पाठवून वेगळं तपासतो.

अदलाबदलीत एक धोका मात्र आहे, आणि तो सांगायलाच हवा. वायफायवरून डेटावर जाताना फोनचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक) बदलतो, त्यामुळे चालू असलेलं अपलोड अनेकदा मध्येच तुटतं. म्हणून सातबारा, पासबुक जोडून फॉर्म पाठवायचा असेल आणि वायफाय डळमळत असेल, तर ते सरळ बंद करा. सगळा फॉर्म एकट्या डेटावर पूर्ण करा. मेळघाटात जिथे टॉवरच धड मिळत नाही, तिथे उलट करावं लागतं: डेटा बंद, आणि पंचायतीच्या भिंतीलगत बसून वायफाय.

दुसरी सेटिंग जोडणीची: वायफाय आणि डेटा एकाच वेळी वापरायचे. सॅमसंगनं २०१४ च्या गॅलेक्सी एस५ मध्ये ‘डाउनलोड बूस्टर’ दिलं होतं. ३० एमबीपेक्षा मोठी फाइल ते वायफाय आणि एलटीई (४जी मोबाइल डेटा) दोन्हींवरून एकाच वेळी उतरवायचं. ओप्पो, रिअलमीच्या बऱ्याच फोनांत आता ‘ड्युअल-चॅनल’ नावानं अशी सोय असते. फायदा मोठ्या डाउनलोडला. वायफाय म्हणजे शेजाऱ्याचा हॉटस्पॉट असेल आणि तोही तुमच्याच टॉवरवर असेल, तर फारसं हाती लागत नाही.

पॅक उडतो तो मुख्यतः या जोडणीत. वायफाय चांगलं असूनही डेटा खर्च होत राहतो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर एखादं मोठं अपडेट आलं, तर संध्याकाळी बाजार समितीचा कापसाचा भाव पाहायलाही नेट रांगतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अदलाबदल चालू ठेवा, जोडणी बंद ठेवा. वायफायवर असतानाही पॅक घटत असेल, तर सेटिंग्जमध्ये ॲपवार डेटा वापर उघडून पाहा आणि ‘ड्युअल-चॅनल’ आधी तपासा.