वाळूवर पाऊल कुठे टाकायचं?

राजहंसगडाचा चढ, जांबोटी-कणकुंबीचं जंगल, चोर्ला घाट. बेळगावकडच्या भटक्यांचे पाय जांभ्या दगडावर आणि पावसाळी चिखलात तयार झालेले असतात. तेच पाय जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत पडले की थोड्याच अंतरात दम लागतो. कारण सरळ आहे: स्नायूंची बरीच ताकद शरीर पुढे नेण्याऐवजी वाळू ढकलण्यात खर्च होते. वाळूवर चालताना कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, हे प्रयोगांत मोजलं गेलं आहे. त्यात पाठीवर भरलेली सॅक.

पण वाळूची टेकडी सगळीकडून सारखी नसते. थरच्या वाळवंटात वाळू हलवणारा खरा वारा उन्हाळ्यातला, नैऋत्येचा. त्याच वाऱ्यांवर आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो. जैसलमेरला मात्र वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची, लांबट असते. तिथे कण सतत आपटून-आपटून घट्ट बसतात, म्हणून पाऊल कमी रुततं. माथ्यापलीकडे वारा पडतो, कण नुसते घरंगळतात आणि सुमारे ३४ अंशांचा भुसभुशीत उतार तयार होतो. कोरडी वाळू याहून उभी राहूच शकत नाही. तुमचं वजन पडलं की ती सुटते. तेव्हा पहाटे निघावं, नैऋत्येच्या अंगाने चढावं.

चढताना वाळूवरच्या लाटा जरूर बघा. वारा कण उचलून हवेत तरंगवत नाही, उड्या मारायला लावतो. एक कण पडतो, पडताना दुसऱ्यांना उडवतो. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटातल्या भटकंतीनंतर पवनबोगद्यात याचा कसून अभ्यास केला. या उड्या बहुतेक गुडघ्याच्या खालीच असतात, म्हणून वारा सुटल्यावर कॅमेरा किंवा उघडी सॅक खाली ठेवू नये. धक्के खात जाडे कण लाटेच्या माथ्यावर जमतात. लाटांच्या खुणा आपल्या मुलखातही आहेत, दगडात गोठलेल्या. घटप्रभा गोकाकला ज्या कड्यावरून ५२ मीटर कोसळते, तो कलादगी खोऱ्यातला वालुकाश्म डायनॉसोरांच्याही कितीतरी आधीचा. या खोऱ्यातल्या काही थरांवर उथळ पाण्याने उमटवलेल्या लाटा आजही दिसतात. त्या उंचीच्या मानाने एकमेकींच्या जवळ असतात. वाऱ्याच्या लाटा उंचीच्या मानाने फार पसरट. हा फरक ओळखायला शिकलेला माणूस खडक पाहून पाण्याची वाळू की वाऱ्याची, याचा अंदाज बांधू शकतो. मला ही विद्या फार मोलाची वाटते.

दुपारी फसगत होते ती तहानेची. आपल्या दमट हवेत सदरा अंगाला चिकटला की पाणी प्यायची आठवण होते. तिथल्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या उडून जातो, अंग कोरडंच राहतं. एक लिटर घाम उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शरीर गार राहतं, पण पाणी गेलेलं असतं. म्हणून तहानेची वाट न बघता थोडं थोडं पीत राहावं, सोबत मीठ पोटात जाईल असं काही खावं. मे महिन्यात वाळूचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर जातो, पण कणांमधल्या हवेमुळे ही उष्णता खोल उतरत नाही. सांडा हा वाळवंटी सरडा याच भरवशावर बिळात दुपार काढतो.

रात्री हाच गुण उलटा पडतो. खालची ऊब वर येत नाही, आकाश निरभ्र असतं, हवेत उष्णता अडवणारी वाफ कमी. वरची वाळू झपाट्याने निवते. गार हवा जड, ती दोन टेकड्यांमधल्या सखलात साचते. अंथरूण तिथे घालू नये, थोडं वर घालावं, पण त्या ३४ अंशांच्या उताराच्या पायथ्याशी नको. फोगाच्या झुडपापासूनही अंतर ठेवावं, कारण त्याच्या मुळांशी उंदरांची बिळं असतात आणि उंदरांमागे साप येतात.